पेव्हर ब्लॉकवर दिवाळीचा किल्ला: माती, अळीव आणि मुलांना काम कसं वाटायचं?

अंगणवेल:
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत सहा ते चौदा वयाची पंधराएक मुलं आहेत. दिवाळीत बाजारातला तयार प्लास्टरचा किल्ला आणतात, त्यावर मावळे मांडतात, की झालं. यंदा मुलांनी स्वतः रचलेला मातीचा किल्ला हवा आहे. जागा सहा बाय चार फूट, सगळीकडे पेव्हर ब्लॉक, खाली तळघर नाही. पूर्वी एकदा केला होता तेव्हा माती तडकली आणि अळीव फक्त पायथ्याशी उगवले. शिवाय मोठी मुलं आणि वडीलमंडळी सगळं हातात घेतात, लहानांच्या वाट्याला पाणी आणण्यापलीकडे काही उरत नाही. वसुबारसेला किल्ला उभा हवा. कुठून सुरुवात करू?

घमेलं:
आधी वजनाचा हिशेब. ओली माती घनफुटाला ४५-५० किलो भरते. तुमच्या जागेत अडीच फूट उंचीच्या डोंगरावर नुसता दोन इंचांचा थर द्यायचा तरी साधारण सहा घनफूट, म्हणजे तीनशे किलोच्या आसपास माती लागेल. आतून भरीव मातीचा डोंगर करायच्या फंदात पडू नका; तो आठवडाभर आतून ओला राहतो आणि खचतो. खाली तळघर नाही हे बरं. गच्चीवर किल्ला करू पाहणाऱ्यांनी मात्र हा आकडा लक्षात ठेवावा.

ताडपत्री अंथरा, कडेने विटांची एक ओळ लावा, पण उताराच्या बाजूला दोन विटांमध्ये बोटभर फट सोडा. पाणी तुंबलं की पायथा बसतो. मधे भाजीचे प्लास्टिकचे क्रेट उपडे ठेवा, भोवती विटांचे तुकडे आणि दगड रचा. पुठ्ठ्याची खोकी नकोत, ओल लागली की दबतात. या सांगाड्यावर गोणपाट टाकायचं, तेही आधी मातीच्या राबडीत बुडवून. कोरडं गोणपाट वरच्या थरातलं पाणी ओढून घेतं आणि थर सुटतो.

तुमची माती बहुधा काळी असणार. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, म्हणून तडे. चाळलेली लाल माती चार घमेली, वाळू एक घमेलं आणि घमेलंभर भाताचा पेंढा बोटाच्या पेराएवढा कापून, असं मिश्रण करा. पेंढा नसेल तर लाकडाचा भुसा चालतो. काळीच माती मिळाली तर वाळू दुप्पट. रोपवाटिकेतली पिशवीबंद माती घेऊ नका, त्यात कोकोपीट आणि खत इतकं असतं की उतारावर धरतच नाही.

थर एकदम दोन इंचांचा देऊ नका. आधी एक इंच, दुसऱ्या दिवशी त्यावर पाणी शिंपडून दुसरा. तडा गेलाच तर कोरड्या भेगेत ओली माती कोंबू नये, ती वाळून निसटते. कडा भिजवा, पातळ राबडी आत जिरू द्या, मग ओल्या गोणपाटाने घासा. आणि ताशीव कडे मातीने उभे राहत नाहीत. तिथे फरशीचे तुकडे उभे रोवा.

ओलहिरवं:
अळीव पायथ्याशीच उगवले कारण वरून मगाने पाणी ओतलं गेलं आणि बी वाहून खाली आलं. उतारावर मोहरीपेक्षा अळीवच बरे, भिजल्यावर त्यांना बुळबुळीत वेष्टण येतं आणि ते मातीला चिकटतात. फक्त कोरडे भुरभुरू नका. ५० ग्रॅम अळीव पाव लिटर पाण्यात दोन-तीन तास भिजवा, चांगला घट्ट गोळा होईल. त्यात दोन मुठी कोरडी चाळलेली माती मिसळा आणि बोटांनी पातळ फासा. एवढे साधारण दहा चौरस फुटांना पुरतात. जास्त दाट लावले की मुळं एकमेकांना वर उचलतात, खाली बुरशी धरते.

वर ओलं वर्तमानपत्र किंवा सुती कापड दीड दिवस ठेवा. पांढरे कोंब दिसले की लगेच काढा, नाहीतर कोंब पिवळे आणि लांबुडके होतात. पुढे फक्त फवारा, सकाळ-संध्याकाळ. पाच-सहा दिवसांत इंचभर हिरवळ येते, म्हणून वसुबारसेच्या सहा दिवस आधी पेरा. बारा दिवस आधी पेरलेले अळीव ऐन लक्ष्मीपूजनाला आडवे पडलेले असतात. आणि जिथे चुना किंवा गेरू लावायचा आहे तिथे पेरू नका.

माचीवरून:
तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मुलांना पाणी आणायला लावलं जातं, कारण किल्ला कसा असावा हे मोठ्यांनी आधीच ठरवलेलं असतं. ठरवणं मुलांकडे द्या. सांगाडा रचण्याआधी एक संध्याकाळ राखून ठेवा, प्रत्येक जोडीला एक ताट आणि दोन मुठी माती द्या. जोडीत एक मोठं, एक लहान, आणि माती लहानाच्या हातात. ताटातल्या डोंगरावर दरवाजा कुठे, पाणी कुठे, पळवाट कुठे, एवढं त्यांनी दाखवायचं. नंतर मतदान घेऊन एक ताट निवडू नका. एकाचा दरवाजा, दुसऱ्याची माची (बालेकिल्ल्याखालचा तटबंदीचा सपाट भाग) असं जुळवा. भांडणं होतील. होऊ द्यात, तिथेच खरा विचार सुरू होतो.

खरा किल्ला समोर ठेवायचा तर राजगड घ्या. मध्ये बालेकिल्ला आणि तीन दिशांना पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या, त्यामुळे तीन गट आपोआप पडतात. संजीवनीला दुहेरी तट आहे, तो मातीच्या वळ्यांनी छान होतो. सुवेळा माचीच्या कातळात आरपार भोक आहे, नेढं म्हणतात त्याला. ते माती ओली असताना पाइपचा तुकडा घालून पाडा आणि माती आवळली की पाइप फिरवत काढा. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत राजगड आहे, त्यामुळे नकाशे, फोटो मुबलक मिळतील. पण हुबेहूब नकलेचा आग्रह धरू नका. नकाशा उत्तरासाठी नाही, प्रश्नासाठी वापरा: इथेच बुरूज का बांधला असेल?

दोन प्रयोग जरूर करा. डोंगर तयार झाला की माथ्यावर हळूच तांब्याभर पाणी सोडा. ते जिथे साचेल तिथे टाकं, आणि टाक्यात वाटी बसवा म्हणजे पाणी झिरपणार नाही. गडांवर टाकी खोदताना निघालेला दगडच पुष्कळदा बांधकामाला वापरलेला आहे, हेही तेव्हाच सांगा. दुसरा प्रयोग दरवाजाचा. मोबाइल पायवाटेवर आडवा ठेवून फोटो काढा; फोटोत दार दिसलं तर शत्रूलाही दिसणार. मग बुरूज सरकवायचा. रायगडाच्या महादरवाजासारखी गोमुखी रचना अशाने मुलं स्वतःच शोधतात: दोन बुरूज पुढे येऊन वाटेला वळसा घालायला लावतात, हत्तीला धडक द्यायला सरळ धाव मिळत नाही.

मोठ्यांकडे विटा उचलणं, वायर आणि ताडपत्री, एवढंच. लहानांची सुबक नसलेली भिंत रात्री गुपचूप नीट करू नका. सकाळी त्यांच्या लक्षात येतं आणि मग ते मातीला हात लावत नाहीत.

अंगणवेल:
खूप आभार, ताटाची कल्पना तर लगेच घेतली. परतीच्या पावसाचं आणि दिव्यांचं काय?

घमेलं:
चार बांबू, त्यावर ताडपत्री, एक बाजू फूटभर खाली. किल्ल्यावर थेट प्लास्टिक टाकू नका, आतल्या वाफेने अळीव सडतात. दिवसा उघडं ठेवा. ओल्या मातीत घरगुती विजेची माळ अजिबात नको. १२ व्होल्टची एलईडी माळ घ्या, तिचा अडॅप्टर कोरड्या जागी, जमिनीपासून उंच. पणत्या पुढच्या फरशीवर, गोणपाटापासून हातभर लांब.

तुळशीच्या लग्नानंतर किल्ला उतरवताना अळीव मुळांसकट खरवडून कंपोस्टमध्ये टाका. माती दोन दिवस उन्हात वाळवून मगच गोण्यांत भरा, ओली भरली तर कुजट वास धरते.