एमजीबीचे स्टीअरिंग ताशी ९० किलोमीटरला थरथरते

प्रश्न: माझ्या १९६७ सालच्या, तारांच्या चाकांच्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे स्टीअरिंग ताशी ९० ते १०० किलोमीटरच्या दरम्यान जोरात थरथरते आणि वेग वाढवला की शांत होते. टायर नवे आहेत, बॅलन्सिंगही झाले आहे. किंगपिन (पुढचे चाक ज्याभोवती वळते तो उभा दांडा) बदलावे का?

उत्तर १: ठरावीक वेगालाच येणारी थरथर बहुधा चाकातून येते, म्हणून किंगपिनकडे नंतर वळावे. ही चाके हबवर (चाक ज्यावर चढते त्या मधल्या भागावर) आतल्या आणि बाहेरच्या उतरत्या कडांवर बसतात. बॅलन्सिंग यंत्रावर त्या उतारांना जुळणारे शंकू वापरले नसतील, तर चाक मुळातच तिरपे बसते आणि लावलेली वजने निरुपयोगी ठरतात. नंतर चाक जॅकवर उचलून फिरवावे आणि रिमजवळ खडू स्थिर धरून डोल पाहावा. तो दीड मिलिमीटरहून अधिक असल्यास तारा जाणकाराकडूनच ताणून घ्याव्यात.

उत्तर २: कोणाला ब्रेक दाबून ठेवायला सांगून चाक पुढेमागे फिरवून पाहा. टक् असा आवाज आला, तर चाक ज्यांत अडकते ते हबचे दाते झिजले आहेत. ते जिवावर बेतू शकते. नवे चाक जुन्या हबवर चढवू नका, तेही लवकर झिजेल.

उत्तर ३: चाक वरखाली धरून हलवताना जाणवणारी ढिलाई ब्रेक दाबल्यावर नाहीशी झाली तर दोष बेअरिंगचा, कायम राहिली तर किंगपिनचा.