डीव्हीडी-आर घेऊ की आरडब्ल्यू? ऑफिसचा बॅकअप ठेवायचाय

प्राची_मिरज:
नमस्कार मंडळी, मी एका कर सल्लागारांच्या ऑफिसात कामाला आहे. टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) डेटा आणि रिटर्नच्या पीडीएफ पेनड्राइव्हवर घ्यायचो, पण दिवाळीच्या आधी रॅन्समवेअर (फाइली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस) आला आणि पेनड्राइव्ह नेमका लावलेलाच होता, त्यामुळे कॉम्प्युटरबरोबर तोपण लॉक. आता साहेब म्हणतात डीव्हीडीवर घे. दुकानदार म्हणतो आरडब्ल्यू थोडी महाग पण परत परत वापरता येते, मग तीच घ्यावी ना? डेटा सगळा मिळून ३ जीबीच्या आत आहे.

तात्या_बायोस:
ताई, तुमच्या कामाला साधी आर घ्या. परत लिहिता येत नाही हाच तर तिचा फायदा, लेझरने डायचा (रंगद्रव्याचा) थर एकदा भाजला की भाजला, फायनलाइज केलेल्या (म्हणजे लिहून कायमची बंद केलेल्या) डिस्कमध्ये व्हायरसच्या बापालाही काही बदलता येत नाही. आरडब्ल्यूमध्ये डाय नसते, मिश्रधातूचा थर असतो, तो तापवून त्याची अवस्था बदलायची म्हणून पुसता येतं, कागदोपत्री १००० वेळा वगैरे. पण तीच डिस्क ड्राइव्हमध्ये विसरली आणि कोणी क्विक इरेज दाबलं तर मिनिटाभरात खेळ खलास. शिवाय ती प्रकाश कमी परावर्तित करते, जुने ड्राइव्ह वाचताना कुरकुर करतात.

सदाशिव_पेठ_आयटी:
तात्या उगाच घाबरवताय. रोज एक आर भाजत बसणार का त्या? रोजच्या टॅली बॅकअपला सोमवार ते शनिवार सहा आरडब्ल्यू करा, त्या त्या वारी तीच डिस्क पुसून वापरायची आणि काम झालं की लगेच बाहेर. महिनाअखेर आणि ३१ मार्चनंतरचा फायनल डेटा मात्र आरवरच, तिथे मी पण तात्यांच्या बाजूने. आणि कोरी डिस्क टाकल्यावर विंडोज विचारतं 'लाइक अ यूएसबी फ्लॅश ड्राइव्ह' की 'विथ अ सीडी/डीव्हीडी प्लेअर', तिथे लोक डोळे झाकून पहिला ऑप्शन दाबतात. आरवर तसं केलं तर फाइल डिलीट केलेली दिसते पण जागा काही परत मिळत नाही, आणि दुसऱ्या मशीनवर उघडेलच असं नाही. दुसरा घ्या.

प्राची_मिरज:
हे पटलं, सहा आरडब्ल्यूचं साहेबांना सांगते. पण आर किती वर्षं टिकते हो? आणि वर ४.७ जीबी लिहिलंय, विंडोज ४.३८ दाखवतंय, डुप्लिकेट तर नाही ना दिली?

तात्या_बायोस:
नाही हो, कंपनी १००० च्या हिशोबाने मोजते आणि विंडोज १०२४ च्या, माल ओरिजिनलच. टिकण्याचं म्हणाल तर डायला ऊन अजिबात चालत नाही, खिडकीतल्या रॅकवर ठेवू नका, डबीत घालून कपाटात उभी ठेवा. नाव मार्करनेच टाका, बॉलपेनने रेघोट्या नकोत. सीडी असेल तर जास्तच जपा, तिचा डेटाचा थर लेबलच्या लगेच खाली असतो, डीव्हीडीत तो दोन प्लास्टिकच्या मधे असतो. महत्त्वाच्या वर्षाच्या दोन कॉपी करा, वेगवेगळ्या ब्रँडच्या डिस्कवर, आणि एक साहेबांच्या घरी ठेवा. एम-डिस्क म्हणून एक प्रकार येतो, कंपनी १००० वर्षं म्हणते, बघायला कोण जिवंत राहणारे म्हणा, पण रायटरला तिचा सपोर्ट लागतो.

बार्शीकर:
२ हार्ड डिस्क घ्या आणि मोकळे व्हा राव, डीव्हीडी कोण वापरतं आता

सदाशिव_पेठ_आयटी:
@बार्शीकर हार्ड डिस्क पण घ्याच, पण लावलेली असेल तर तिचंही पेनड्राइव्हसारखंच होणार, वर वाचा.
प्राची, रायटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हेरिफायवर टिक करायला विसरू नका, वेळ वाढतो पण डिस्क वाचता येतेय का ते तिथंच कळतं. आरची खालची बाजू ट्यूबलाइटखाली तिरकी धरा, आतल्या बाजूने जेवढं लिहिलंय तेवढा पट्टा वेगळ्या छटेचा दिसतो, ३ जीबी टाकले आणि पट्टा बोटभरसुद्धा नसेल तर काहीतरी गडबड आहे. यूएसबीचा बाहेरचा रायटर असेल तर केबल हबला नको, थेट सीपीयूच्या मागच्या पोर्टला लावा, आणि स्पीड १६एक्स न ठेवता ८एक्स ठेवा.