अनुभव धागा : बागेतले, बोटीवरचे, भट्टीवरचे

आपल्या कोकणातली कितीतरी घरं मुंबईच्या मनीऑर्डरीवर उभी राहिली. माझे आजोबा परळच्या गिरणीत होते, एका खोलीत दहाजण. आज आपल्याकडे पोटासाठी आलेल्यांच्या हक्कांसाठी गावात तुम्ही काय केलंत, कुठे अडलात, ते लिहा. नुसतं 'मदत केली' नको, कुणाला भेटलात, काय बोललात तेही सांगा.

देवगड, शिक्षिका
पावसाळा सरला की आंब्याच्या राखणीला नेपाळी कुटुंबं येतात. मुलं दिवसभर मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात. डिसेंबरात दोन बहिणींना शाळेत आणलं, तर जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश अडला. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १४ सांगतं, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम ४ सांगतं, वयानुसार वर्गात बसवा. या दोन कलमांची प्रत घेऊन मी गेले, सोबत गावातल्या पाच आया. माझा एकटीचा अर्ज आधी दोनदा पडून राहिला होता. आया समोर बसल्या आणि त्याच दुपारी नावं पटावर चढली. धाकटीला 'केळं' म्हणायला महिना लागला, नेपाळीत 'ळ' नाहीच. जमलं त्या दिवशी ती वर्गभर सगळ्यांना म्हणून दाखवत फिरली.

रत्नागिरी, मच्छीविक्रेती
आमच्या बंदरात बोटींवर नेपाळी खलाशी पुष्कळ. जून-जुलैत मासेमारी बंद, त्याआधी हंगामाचा हिशेब होतो, तोही तोंडी. उचल किती घेतली यावर वाद झाला की खलाशाच्या हाती कागद नसतो. काहींचं नागरिकतेचं प्रमाणपत्रसुद्धा मालकाच्या कपाटात. १९५०च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना इथे राहायची, काम करायची मोकळीक आहे. पण हक्काचे पैसे मागायचे कसे, हे त्यांना कोण सांगणार? आम्ही बायकांनी छोट्या वह्या वाटल्या : तारीख, उचल, दोघांची सही. काही नाखव्यांनी आनंदाने सही केली, काहींनी वही परत फेकली. एका पोराची दोन बोटं दोराच्या रहाटात गेली. त्याच्या वहीत एकही सही नव्हती. भरपाईसाठी आम्ही महिनाभर खेपा घातल्या, हाती काही आलं नाही, तो गावी गेला. पहिल्याच दिवशी नाखव्यासमोर उभं राहून सही करून घ्यायला हवी होती, हे मला अजून लागतं.

रोहा
आमच्या वाडीतले कातकरी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, रेशनकार्ड घेऊन. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना दुकानदार म्हणायचा, कार्ड गेलं, धान्य गेलं. 'एक देश एक रेशनकार्ड'मध्ये गेलेल्यांनी तिथे आणि उरलेल्यांनी इथे आपापला वाटा उचलता येतो. ही गोष्ट आम्ही घरोघरी जाऊन सांगितली, मग म्हाताऱ्यांसोबत दुकानात गेलो. अंगठा उठला, धान्य मिळालं.

राजापूर, बागायतदार
मी मालकांपैकीच. राखणदाराचा पगार हंगामअखेर एकदम द्यायचो, 'पैसे जपून राहतात' म्हणून. त्याची बायको आजारी पडली तेव्हा त्याला माझ्याकडे स्वतःच्याच पगारासाठी हात पसरावा लागला. तेव्हापासून दरमहा देतो. ग्रामसभेत सर्व बागायतदारांसाठी तसा ठराव मांडायचा आहे. १५ ऑगस्टच्या सभेला बागेत राखणदार नसतात, म्हणून २६ जानेवारी धरली आहे. शेजारच्या तिघांनी हो म्हटलंय. मसुदा नेपाळीतही हवा, कुणी लिहून देईल का?