ओपनबीएसडी: जुन्या लॅपटॉपला वायफाय कार्ड कोणतं घेऊ?

रामबागवाली, इंदूर
बाबांचा २०१२ चा लॅपटॉप. विंडोज उघडेपर्यंत त्यांचा चहा पिऊन होतो, म्हणून हौसेनं ओपनबीएसडी (विंडोजच्या जागी चालणारी, फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम) टाकलं. स्क्रीन, आवाज, टचपॅड पहिल्या फटक्यात. झाकण मिटलं की झोपतो, उघडलं की उठतो. घोडं अडलंय वायफायपाशी. डीमेसगमध्ये (सुरू होताना सापडलेल्या भागांची यादी) वायफाय चिपची ओळ येते, ब्रॉडकॉम बीसीएम४३१३, आणि शेवटी ‘नॉट कॉन्फिगर्ड’, म्हणजे दिसली पण चालवता येत नाही. सध्या मोबाइल यूएसबीनं जोडून नेट घेते, तो यूआरएनडीआयएस० म्हणून लगेच दिसला. पण बाबा काही रोज मोबाइल लटकवून बसणार नाहीत. जेल रोडवर विचारलं, तर दुकानदार म्हणे, "मॅडम, लिनक्स पे चलता है तो सब पे चलेगा." खरंय का?

जुना_खटपट्या
छे. लिनक्स ही वेगळी सिस्टिम, तिचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) तिच्यापुरता. ओपनबीएसडीत ब्रॉडकॉमसाठी बीडब्ल्यूआय ड्रायव्हर आहे, पण तो ४३०६, ४३१८ अशा आधीच्या चिपांसाठी. ४३१३ त्यात नाही, त्याच्यामागे रात्री घालवू नका (मी घालवल्यात). सरळ कार्ड बदला. अथेरॉस एआर९२८५ मागा, मिनी पीसीआय एक्सप्रेसचं अर्ध्या लांबीचं. एटीएचएन ड्रायव्हर ते उचलतो, वेगळं फर्मवेअरही (चिपच्या आत भरायचं सॉफ्टवेअर) लागत नाही. ५ गिगाहर्ट्झ मिळणार नाही, तेवढं सोडून द्या. नवं शोधू नका, रिपेअरवाल्याच्या भंगारात सापडेल. घेताना परतीची बोली करा, कारण काही लॅपटॉपांचं बायॉस (लॅपटॉप सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर) कंपनीच्या यादीबाहेरचं कार्ड दिसलं की पुढे सरकतच नाही.

बडोदेकर_काका
उघडायची भीती वाटत असेल तर यूएसबी डोंगल. मात्र डब्यावरच्या नावावर जाऊ नका, आतली चिप विचारा. टीपी-लिंकच्या डब्ल्यूएन७२२एनचंच उदाहरण बघा ना: पहिल्या आवृत्तीत अथेरॉस, दुसरीपासून रिअलटेक. माझ्याकडे दोन्ही आहेत, दिसायला जुळी भावंडं. चालतात दोन्ही, पण फर्मवेअर आणावं लागतं. मोबाइल जोडलेला असतानाच एफडब्ल्यू_अपडेट (फर्मवेअर उतरवून घेणारी कमांड) चालवून घ्या. आणि ब्लूटूथचं कुणी बोललं का? ते ओपनबीएसडीनं २०१४ मध्येच काढून टाकलंय.

रामबागवाली, इंदूर
अरे देवा! बाबांचे पहाटेचे अभंग ब्लूटूथ स्पीकरवर असतात.

रामबागवाली, इंदूर (चार दिवसांनी)
एआर९२८५ मिळालं, १५० रुपये, भंगारातूनच. कार्डाला एकच स्क्रू. अँटेनाच्या काळ्या-पांढऱ्या वायरी टिचबटणासारख्या बसतात, पण बटण मसुराच्या डाळीएवढं. चष्मा लावून तीनदा दाबलं तेव्हा टक् झालं. बायॉसनं कुरकुर केली नाही. एटीएचएन० दिसलं, मागच्या खोलीतसुद्धा नेट येतं. खटपट्याजी, काका, खूप आभार.

स्पीकरच्या पाठीला साध्या वायरीचं भोक निघालं. बाबांना वायर लावून दिली, तर म्हणाले, "हे होतं तर दोन वर्षं ते ब्लूटूथ जोडायला रोज तुला हाका का मारत होतो?"