दुखण्याआधी सुरू होणारी भीती
‘पाळीत पोट दुखायचेच, त्याचा एवढा बाऊ कशाला’ हे नेहमी ऐकू येणारे मत मला मान्य नाही. सौम्य कळा बहुतेकींना येतात हे खरे, परंतु शाळा बुडवायला लावणारे दुखणे मुलीच्या मनालाही पोखरते. माझी पुतणी कोरेगावजवळच्या गावातून एसटीने साताऱ्याला दहावीच्या वर्गात येत असे. तिच्या दप्तरातील दिनदर्शिकेत पाळीच्या तारखेआधीच्या तीन-चार दिवसांवर पेन्सिलीने बारीक फुल्या केलेल्या होत्या आणि नेमक्या त्याच दिवसांत ती जेवण टाळत असे, रात्र रात्र जागी राहत असे. म्हणजे कळांच्या आधीच भीती सुरू होत होती. (आम्ही मात्र तिला चिडखोर म्हणत राहिलो, याचे आजही फार वाईट वाटते.)

गर्भाशयातील प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांमुळे स्नायू आवळले जाऊन कळा येतात, म्हणून ही द्रव्ये तयार होणे कमी करणारे, डॉक्टरांनी सुचवलेले आयबुप्रोफेनसारखे औषध असह्य होण्याची वाट न पाहता, दुखू लागताच, काही खाऊन घेतल्यास अधिक उपयोगी पडते. त्यानेही फरक पडत नसेल तर एंडोमेट्रिओसिसच्या (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराच्या) दृष्टीने तपासणी व्हायलाच हवी. मनातली भीती बोलण्यासाठी शासकीय रुग्णालयांतील ‘मैत्री क्लिनिक’मध्ये १० ते १९ वयोगटातील मुलामुलींना समुपदेशन मिळते.