तालुक्याच्या वाचनालयाचे संकेतस्थळ : सुरू कसे करावे आणि पुढे चालते कसे ठेवावे?

प्रश्न : कार्यवाह, तळकोकण

सप्रेम नमस्कार.

मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी असलेल्या एका सार्वजनिक वाचनालयाचा कार्यवाह आहे. आमचे वाचनालय शासनमान्य 'ब' वर्गातले असून दाखलनोंद वहीत ११,००० च्या वर ग्रंथांची नोंद आहे. त्यांत स्वातंत्र्यपूर्व काळातील सुमारे चारशे पुस्तके आणि काही मासिकांचे बांधीव खंड आहेत. मुंबई-पुण्याचे अभ्यासक अधूनमधून फोनवर चौकशी करतात, तेव्हा आमच्या ग्रंथपाल बाईंना देवघेव थांबवून वहीची पाने उलटावी लागतात. ही सूची सर्वांना घरबसल्या पाहता यावी, अशी कार्यकारी मंडळाची इच्छा आहे.

मात्र दुधाने तोंड पोळलेले असल्यामुळे आम्ही आता ताकही फुंकून पीत आहोत. २०१६ साली एका व्यावसायिकाकडून आम्ही संकेतस्थळ करून घेतले होते. उद्घाटन थाटात झाले, पण पुढच्या तीन वर्षांत त्यावर एकही नवी ओळ चढली नाही. नंतर डोमेनचे, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाच्या नोंदणीचे, नूतनीकरण राहून गेले. नोंदणी त्या व्यावसायिकाच्या स्वतःच्या ईमेलवर होती आणि त्यांनी दरम्यान व्यवसाय बदलला होता, त्यामुळे वेळेत कोणालाच कळले नाही. आज तो पत्ता उघडला की ऑनलाइन जुगाराची जाहिरात दिसते. आमच्या पावतीपुस्तकांवर आणि स्मरणिकेच्या मलपृष्ठावर अजूनही तोच पत्ता छापलेला आहे, याचे मनाला फार लागते.

या वेळी कोणती काळजी घ्यावी? सूचीचा बराच भाग जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला आहे, त्याचे काय करावे? आणि संकेतस्थळ आहे हे लोकांपर्यंत कसे पोचवावे? वर्षाला दहा हजार रुपयांपेक्षा अधिक खर्च आम्हाला झेपणार नाही.

उत्तर १ : सर्व्हरवाला

कार्यवाह साहेब, आपल्या बाबतीत जे घडले ते मी अनेक संस्थांच्या बाबतीत पाहिले आहे, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी मूळ एकच असते : चाव्या संस्थेच्या हातात नसतात. डोमेन हे सातबाऱ्यावरच्या नावासारखे आहे आणि होस्टिंग, म्हणजे सर्व्हरवरची जागा, ही भाड्याची खोली आहे. खोली केव्हाही बदलता येते; सातबाऱ्यावर दुसऱ्याचे नाव लागले तर मात्र बांधलेले घरही आपले राहत नाही.

म्हणून नवे डोमेन घेताना नोंदणीधारक म्हणून वाचनालयाचेच नाव लिहावे, त्यासाठी संस्थेच्या नावाने स्वतंत्र ईमेल उघडावा, आणि त्या ईमेलचा पासवर्ड परत मिळवण्याची सोय अध्यक्ष आणि कार्यवाह या दोघांच्या फोनवर ठेवावी, कारण पदाधिकारी बदलले की ओटीपी जुन्या माणसाच्या फोनवर जात राहतो आणि नव्या मंडळाला दार उघडत नाही. या सर्व गोष्टी सभेच्या इतिवृत्तात नोंदवाव्यात. डॉट इन आणि डॉट कॉम ही दोन्ही नावे एका वेळी दहा वर्षांपर्यंत घेता येतात. संस्थेसाठी किमान पाच वर्षांचे शुल्क एकदम भरावे, असे माझे मत आहे. जुना पत्ता परत मिळवण्याच्या मागे लागू नये. पावतीपुस्तकांवर नव्या पत्त्याचा शिक्का मारावा. जुन्या संकेतस्थळावरचा मजकूर हवा असल्यास जुन्या संकेतस्थळांच्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये तो पत्ता घालून पाहावा. तेथे प्रत असेल, तर छायाचित्रे आणि संस्थेचा इतिहास पुन्हा जुळवता येईल.

दुसरा मुद्दा रचनेचा. बहुतेक व्यावसायिक आपल्याला वर्डप्रेस ही संकेतस्थळ चालवण्याची तयार प्रणाली सुचवतील. ते चांगलेच आहे, पण त्याची मूळ प्रणाली, थीम (सजावट) आणि प्लगइन (जोडसोयी) सतत अद्ययावत करावे लागतात. सहा महिने कोणी पाहिले नाही तर एखाद्या जुन्या प्लगइनच्या फटीतून परका मजकूर आत शिरतो. आपल्याकडे हे काम नेमाने करणारा माणूस नसेल, तर साधी, स्थिर पाने ठेवावीत. सूची एका तक्त्यात ठेवून त्यावरून पाने तयार करून घेतली, तर सर्व्हरवर बिघडण्यासारखे फारसे काही उरत नाही. दहा हजारांच्या मर्यादेत हे आरामात बसते.

संकेतस्थळ सुरक्षित (https) पत्त्यावर उघडावे यासाठी लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे प्रमाणपत्र विनामूल्य मिळते. त्याची मुदत फार तर ९० दिवसांची असते, म्हणून ते आपोआप नवे होण्याची सोय चालू आहे ना, हे होस्टिंग घेतानाच विचारावे. ती बंद पडली की ब्राउझर पानभर इशारा दाखवतो आणि वाचक तेथूनच माघारी फिरतो. बॅकअपची एक प्रत वाचनालयाच्या कपाटात आणि एक दुसऱ्या गावी असावी. वर्षातून दोनदा त्या प्रतीवरून संकेतस्थळ खरोखर उभे राहते का, हे करून पाहावे. कधीच उघडून न पाहिलेल्या बॅकअपचा भरवसा मी धरत नाही.

उत्तर २ : अक्षरजुळणी

मी वीस वर्षे डीटीपीचे काम केले आहे, म्हणून फॉन्टच्या प्रश्नाबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

जुन्या फॉन्टमधील मजकूर पडद्यावर मराठी दिसत असला, तरी संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरे आणि खुणाच असतात. तो फॉन्ट नसलेल्या माणसाला अर्थहीन खुणांची रांग दिसते आणि गूगललाही तीच दिसते. त्यामुळे सूची युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना समजणाऱ्या प्रमाण संकेतांत, आणल्यावाचून बाकीचे कष्ट वाया जातील. रूपांतरक साधने उपलब्ध आहेत, परंतु त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नये. 'किल्ला' लिहिताना जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी आधी साठवली जाते आणि क नंतर येतो. युनिकोडमध्ये क आधी आणि वेलांटी नंतर. 'धर्म'मधल्या रफाराचे नेमके उलटे : जुन्या फॉन्टमध्ये तो म-च्या नंतर येतो, युनिकोडमध्ये म-च्या आधी. साधन चुकते ते बहुधा याच दोन जागी, म्हणून मुद्रितशोधन करताना प्रथम ऱ्हस्व वेलांट्या आणि रफार तपासावेत.

तिसरी जागा आणखी नाजूक आहे. 'दऱ्या' आणि 'दर्या' हे आपल्या भाषेत वेगळे शब्द आहेत, आणि काही साधने दोन्हींचा रफारच करून टाकतात. अशा चुका यंत्राला सापडत नाहीत. त्या मराठी वाचणाऱ्या डोळ्यालाच सापडतात. ग्रंथपाल बाईंना रोज पन्नास नोंदी तपासता आल्या, तरी ११,००० नोंदींना २२० दिवस लागतील. म्हणून जुन्या चारशे पुस्तकांपासून आरंभ करावा आणि तेवढी पाने लगेच खुली करावीत.

पानाच्या संहितेत (कोडमध्ये) भाषा 'मराठी' अशी नोंदवण्यास आपल्या व्यावसायिकाला आवर्जून सांगावे. काही फॉन्टमध्ये ल आणि श यांची हिंदी आणि मराठी वळणे वेगवेगळी दिलेली असतात, आणि भाषा नोंदवलेली असली तरच आपले वळण दिसते. आपल्या पुस्तकांची नावे आपल्या वळणाच्या अक्षरांत दिसावीत, याचे मला महत्त्व वाटते.

उत्तर ३ : नियतकालिकांची अभ्यासक

आपल्या ग्रंथपाल बाईंना फोन करून त्रास देणाऱ्यांपैकी मी एक असू शकेन, म्हणून प्रसाराविषयी वाचकाच्या बाजूने लिहिते.

मला वाचनालयाचे नाव ठाऊकच नसते. मी मासिकाचे नाव आणि वर्ष घालून शोधते. म्हणून 'आमच्याकडे दुर्मिळ मासिके आहेत' अशा एका ओळीचा मला उपयोग नाही. प्रत्येक मासिकाला स्वतंत्र पान द्यावे आणि त्यावर कोणत्या वर्षाचे कोणते अंक आहेत, कोणते नाहीत, कोणत्या खंडाची पाने गळली आहेत, दाखल क्रमांक काय आणि वाचनालय कोणत्या वेळी उघडे असते, हे सारे लिहावे. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांपूर्वीच्या पुस्तकांवर 'कांहीं', 'नांव' अशी छपाई असते आणि आज शोधणारा 'काही', 'नाव' असे लिहितो. तेव्हा नोंदीत छापील शीर्षक जसेच्या तसे ठेवून त्याखाली आजचे लेखनही द्यावे. पाने तयार झाली की साइटमॅप (सर्व पानांच्या पत्त्यांची यादी) गूगल सर्च कन्सोल या संकेतस्थळ-मालकांसाठीच्या सेवेत दाखल करावा. लोक कोणते शब्द लिहून आपल्यापर्यंत आले हेही तेथे दिसते, आणि पुढे कोणत्या नोंदी आधी भराव्यात हे त्यावरून ठरवता येते.

पानांचे पत्ते मात्र रोमन लिपीत आणि आखूड ठेवावेत. देवनागरी पत्ता नकलून पाठवला की पुष्कळदा प्रत्येक चिन्हाच्या जागी नऊ खुणा उमटतात. 'वाचनालय' या सात चिन्हांच्या शब्दाच्या ६३ खुणा होतात, आणि व्हॉट्सॲपवर अशी लांबलचक लिंक पाहून ज्येष्ठ सभासद ती उघडायला कचरतात. लिंकबरोबर छोटे चित्र आणि दोन ओळींचे वर्णन दिसेल अशी सोयही करून घ्यावी. गूगल नकाशावर वाचनालयाची नोंद करून तेथे संकेतस्थळाचा पत्ता द्यावा. जाहिरातीवर पैसे घालवू नयेत. त्या पैशांत एखाद्या विद्यार्थ्याला मानधन देऊन सूची पुरी करून घ्यावी.

उत्तर ४ : कायद्याचा वाचक

सूची प्रसिद्ध करण्यास हरकत नाही. पुस्तकांची पाने स्कॅन करून चढवायची असतील, तर मात्र १९५७ चा कॉपीराइट कायदा पाहावा लागेल. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचा हक्क त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. म्हणजे १९६४ साली निधन पावलेल्या लेखकाचे असे लेखन १ जानेवारी २०२५ पासून मुक्त झाले. प्रस्तावना आणि चित्रे दुसऱ्या कोणाची असतील तर त्यांचा हिशेब वेगळा करावा. सभासदांची नावे, पत्ते आणि फोन क्रमांक चढवू नयेत. आपल्या जुन्या संकेतस्थळावर तशी यादी असल्यास वेबॅक मशीनमधून मजकूर उचलताना ती वगळावी.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : कार्यवाह, तळकोकण

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल मंडळाच्या सभेत ठराव झाला : डोमेन संस्थेच्या नावे पाच वर्षांसाठी घ्यावे, आणि पासवर्ड बंद पाकिटात घालून तिजोरीत ठेवावा. ग्रंथपाल बाई आणि मी मिळून जुन्या नोंदींचे एक पान रूपांतरित करून पाहिले. चाळीस नोंदींत सात चुका निघाल्या : पाच रफाराच्या आणि दोन वेलांटीच्या. एका प्रवासवर्णनाच्या शीर्षकातील 'किनाऱ्यावरून'चे 'किनार्यावरून' झाले होते. ते मला दिसलेच नाही, बाईंनी पुन्हा वाचताना पकडले.

अभ्यासक ताईंना एक विनंती आहे. गळालेल्या पानांची नोंद करायची, तर प्रत्येक खंड पान-पान मोजावा लागेल. आमच्याकडे असे ६२ खंड आहेत आणि काहींचा कागद हात लावताच तुटतो. प्रथम कोणती वर्षे हाती घ्यावीत, हे आपण सुचवू शकाल का?