धोंडू, खुदीराम आणि नकोशी

धोंडू, दगडू, केरू, भिकाजी आणि नकोशी ही सगळी नावे 'ओंगळ नावे' अशा एकाच सदरात टाकण्याची पद्धत आहे. मला ती पटत नाही, कारण या नावांमागची प्रयोजने एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

ज्या घरात मुले जगत नसत, तेथे नवे मूल मृत्यूच्या किंवा दृष्ट लावणाऱ्याच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून त्याला मुद्दाम कवडीमोल ठरवले जाई. दगडू म्हणजे दगड, केरू म्हणजे केर, भिकाजी म्हणजे भीक मागून आणलेला. मुलाचे नाक टोचून त्यात नथ घालत, त्यावरून नथू झाला. धोंडूच्या बाबतीत मात्र जरा जपून बोलावे, कारण अधिक महिन्याला आपण धोंड्याचा महिना म्हणतो आणि त्या महिन्यात जन्मल्यामुळेही हे नाव पडू शकते.

बंगालमध्ये हाच व्यवहार खरेदी-विक्रीच्या रूपात दिसतो. 1889 साली जन्मलेल्या खुदीराम बोस यांच्या आधीचे दोन भाऊ दगावले होते, म्हणून त्यांना थोरल्या बहिणीला तीन मुठी खुदाच्या, म्हणजे तांदळाच्या कण्यांच्या, मोबदल्यात 'विकले' गेले आणि तेच नाव झाले. तीनकौडी हे नावही याच जातीचे. तुर्कीत 'सातिल्मिश' म्हणजे विकलेला आणि 'दुरसुन' म्हणजे राहो, टिको. मंगोलियात 'नेरगुई' म्हणजे बिननावाचा आणि 'एनेबिश' म्हणजे 'हा नव्हे'. दुष्ट शक्तीने दारात येऊन विचारले, तर नावानेच तिला परस्पर वाटेला लावावे! नायजेरियातल्या योरुबा लोकांत, पुन्हा पुन्हा जन्मून मरणाऱ्या मुलाला 'कोसोको' म्हणत, अर्थात (थडगे खणायला) कुदळच उरलेली नाही. हे नाव धारण करणारा एक राजा 1845 ते 1851 या काळात लागोसच्या गादीवर होता.

'नकोशी' किंवा 'नकुसा' या नावात असली हुलकावणी नाही. तेथे बोलणे यमाशी नसून देवाशी आहे आणि ते शब्दशः खरे आहे: मुली पुरे झाल्या, आता मुलगा दे. बंगालीतले आन्नाकाली, म्हणजे 'आता नको, काली', आणि तुर्कीतले 'येतेर', म्हणजे पुरे, ही तिची सख्खी भावंडे आहेत. दगडूच्या आईला दगडू हवाच असे, फक्त ते उघड बोलायचे नसे.

हा भेद आपल्या भाषेने नेमका टिपला आहे, असे मला वाटते. पहिल्या गटातली नावे बिनदिक्कत आदरार्थी प्रत्यय घेतात. 1857 च्या उठावातल्या नानासाहेब पेशव्यांचे नाव धोंडोपंत, पुण्याचे हलवाई दगडूशेठ, आणि गणितज्ञ विनायक लक्ष्मण छत्रे तर केरूनाना म्हणूनच ओळखले गेले. त्या हाकेत केर कोणालाही ऐकू आला नाही. नकोशीच्या पुढे 'ताई' लावले तरी मूळ अर्थ बोचतच राहतो. ऑक्टोबर 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात 285 मुलींचे हे नाव जाहीर समारंभात बदलण्यात आले, तेव्हा त्यांपैकी कोणी ऐश्वर्या झाली, कोणी वैशाली.